भाकड तारीख

तारीखबाईनं कागदावरच्या शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवलं आणि सरळ सांगून टाकलं,

"एवढा सोडून बाकी सगळ्याला आधार आहे, साहेब. याला नाही."

नव्या साहेबांनी चष्मा वर सरकवला. रेडिओ केंद्रावर येऊन त्यांना फार दिवस झाले नव्हते. माणूस सभ्य, आवाज मऊ. पण नियमाच्या बाबतीत दगडावरची रेघ. कार्यक्रमात जाणाऱ्या प्रत्येक ओळीशेजारी ती कुठून आली ते लिहायचं, हा त्यांचा आल्याआल्या काढलेला हुकूम होता.

"नाही म्हणजे?" ते म्हणाले. "'आज उसनं परत करण्याचा दिवस.' असा दिवस कुणीतरी ठरवला असेलच ना. एखादी संस्था, एखादं मंडळ..."

"मी ठरवला."

"तुम्ही?"

"मीच. इथंच, याच खुर्चीत बसून."

काचेपलीकडे बटणराव बसला होता. आवाजाचं यंत्र सांभाळणारा हा माणूस इतकी वर्षं बटणांशी बोलत आला होता, की त्याचं खरं नाव त्याच्या बायकोखेरीज कुणाला ठाऊक नसावं. त्यानं मान खाली घालून हसू दाबलं. साहेबांना मात्र हसू आलं नाही.

"मग हे जाऊ शकत नाही, बाई. उद्या कुणीही उठेल आणि कसलाही दिवस काढेल. लोक आपल्यावर विश्वास ठेवतात."

त्यांचं चुकत नव्हतं, आणि तारीखबाईला त्याचाच जास्त राग आला. चुकणाऱ्या माणसाला तिनं उभ्या उभ्या गार केलं असतं.

"मग त्या रिकाम्या वेळात काय करू? शिट्टी वाजवू?"

साहेबांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. पाणीपुरवठा खात्याची सूचना. नळाच्या दुरुस्तीमुळे दुपारी पाणी नाही.

"याला आधार आहे," ते म्हणाले, आणि दार हलकेच ओढून बाहेर गेले.

तिनं मनगटाकडे पाहिलं. अजून थोडा अवकाश होता. स्टुडिओतल्या घड्याळावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. ते आपल्या लहरीनं चालायचं. बाहेर पॅसेजमधल्या भिंतीवरचं मोठं घड्याळ तर कधीचं सव्वाचारवर बसलं होतं, आणि बसवलं होतं इतक्या उंचावर की सेल बदलायला कुणाचा हात पोचेना. तिचा सगळा कारभार चालायचा तो डाव्या हातावरच्या किल्लीच्या घड्याळावर. रोज उठल्यावर तोंड धुवायच्या आधी त्याला किल्ली द्यायची, मग जगाकडे बघायचं. आवाजाच्या परीक्षेला निघाली होती त्या सकाळी ताईनं ते तिच्या हातावर बांधलं होतं आणि म्हणाली होती, "वेळेवर पोच. माझी अब्रू ठेव." अब्रू राहिली. त्या दिवसापासून घड्याळही चुकलं नाही आणि बाईही.

लाल दिवा लागला.

"नमस्कार. आज सत्तावीस ऑगस्ट," ती म्हणाली, आणि आवाजात रागाचा लवलेशही नव्हता. हीच तर तिची कला. याच दिवशी आपल्या नदीवरच्या जुन्या पुलावर पहिला दिवा लागला, आणि तो बघायला एवढे लोक जमले की दोघं पाण्यात पडले. दोघंही पोहत बाहेर आले आणि पुन्हा दिवा बघत उभे राहिले. याच दिवशी टपाल कचेरीनं रस्त्यावरच्या पेट्या निळ्या रंगवल्या, आणि महिनाभर लोक त्यांत पत्रांऐवजी कचरा टाकत होते. आज अमक्या शाळेच्या घंटेचा वाढदिवस. असं ती सांगत गेली. घरोघरी दाढी करणारे हात थांबले, दूध उतू जाता जाता वाचलं. मग तिनं घडीचा कागद उलगडला आणि नळाच्या दुरुस्तीचं वाचलं. अगदी स्वच्छ, एकेक शब्द सुटा करून. दिवा विझला.

"वेळेत एका श्वासाचाही फरक नाही," बटणराव काचेपलीकडून म्हणाला. "पण बाई, आज मिठाशिवाय जेवल्यासारखं झालं."

"मीठ साहेबांनी काढलं," ती म्हणाली, आणि हेडफोन जरा जोरातच ठेवला.

तिच्या भाषेत तारखांच्या दोन जाती होत्या, दुभत्या आणि भाकड. दुभत्या तारखेला कुठं हात घातला तरी काहीतरी निघायचं. भाकड तारीख म्हणजे कितीही पिळा, थेंब नाही. सत्तावीस ऑगस्ट ही त्या काळी पक्की भाकड होती. पूल आणि पेट्या तिनं नंतर शोधून काढल्या. उसन्याचा दिवस पहिल्यांदा काढला त्या सकाळी मात्र बाहेरून येणारी माहिती आलीच नव्हती, समोर कोरा कागद होता, लाल दिवा लागला होता, आणि तिच्या डोक्यात शिडी होती.

शिडीची गोष्ट अशी. आई गेल्यावर दोघी बहिणींनी घर आवरलं. कपाट, भांडी, पांघरुणं, आरसा, सगळ्याची वाटणी हसतखेळत झाली. उलट "तू घे, तू घे" करण्यातच भांडण व्हायची वेळ आली. राहिली ती घडीची लाकडी शिडी. शिडी काही मधून कापून वाटून घेता येत नाही. ती धाकटीनं, म्हणजे तारीखबाईनं नेली. मग ताईनं घर रंगवायला काढलं आणि शिडी मागून नेली, दोन दिवसांत देते म्हणून. दोन दिवसांचे दोन महिने झाले. तारीखबाई मागायला गेली, तेव्हा ताई रंगाचे हात पुसत म्हणाली,

"देते गं. आणि शिडी काय तुझ्या एकटीची आहे?"

यावर गप्प बसावं की नाही? पण उचलली जीभ लावली टाळ्याला. तारीखबाई दारातूनच म्हणाली,

"ठेव मग! तिच्यावरून चढून थेट स्वर्गात जा."

आईला जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं. ताईचा चेहरा उतरला तो हिनं पाहिला, आणि तरी वळून चालती झाली. मग ती बोलली नाही, ही बोलली नाही. राहायच्या दोघी तीन गल्ल्यांच्या अंतरावर. बाजारात समोरून ताई आली की हिला एकाएकी दुकानांच्या पाट्या वाचायचा नाद लागायचा. आणि ताई भाजीचा भाव असा काही विचारायची, की जणू अख्खं दुकान विकत घ्यायचंय.

तर त्या भाकड सकाळी, शिडी डोक्यात असताना, तारीखबाईच्या तोंडून आपोआप निघालं: "आज उसनं परत करण्याचा दिवस. शेजाऱ्याचं, मित्राचं, बहिणीचं काही तुमच्याकडे राहून गेलं असेल, तर आज नेऊन द्या. उशीर झाला म्हणून लाजू नका. कुणी विचारणार नाही." त्यातलं 'बहिणीचं' तिनं मुद्दाम घातलं होतं. सगळी कारागिरी त्या एका शब्दासाठी.

त्या संध्याकाळी शहरात काय झालं म्हणता! माणसं हातात पातेली, छत्र्या, करवती घेऊन एकमेकांच्या दारात उभी. एकीनं शेजारणीला पाळणा परत केला, त्यात झोपलेलं बाळ आता मिशा काढून हिंडत होतं. एका गृहस्थानं मांजर परत केलं. ते त्याच रात्री पुन्हा त्याच्याकडे आलं ती गोष्ट वेगळी. पुढच्या वर्षी तिनं पुन्हा तेच म्हटलं, त्याच्या पुढच्या वर्षीही, आणि मग ती रीतच पडली. वाचनालयानं त्या दिवशी उशिराचा दंड घ्यायचं सोडलं. हार्डवेअरवाला दाराबाहेर रिकामं टेबल मांडू लागला; ज्याला तोंड दाखवायची लाज वाटते त्यानं वस्तू तिथं ठेवावी आणि चालू लागावं.

सगळ्या शहराचं सगळं परत आलं. शिडी तेवढी आली नाही.

तारीखबाई दरवर्षी त्या संध्याकाळी घरी बसून दाराकडे कान लावायची. नवरा म्हणायचा, "अगं, मी नवी शिडी आणतो. ॲल्युमिनियमची, हलकी." ती म्हणायची, "मला चढायचंय कशाला?" आणि खरंच होतं ते. शिडी गेली खड्ड्यात. तिला ताई हवी होती. पण हे स्वतः होऊन जाऊन सांगायचं म्हणजे मान वाकवायची, आणि नाकावर माशी बसू न देणाऱ्या बाईला ते जमेना. 'तिनं नेलीय, तिनं आणावी,' एवढ्यावर गाडी अडलेली. नवऱ्यापाशी ती म्हणायची, "ताईचं हे पहिल्यापासून असंच. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसेल, आपल्यातलं मुसळ दिसायचं नाही." नवरा शहाणा, पेपर वर करून वाचत बसायचा.

तेव्हा साहेबांनी जिच्यावर काट मारली ती काही साधी ओळ नव्हती. वर्षाकाठी बहिणीशी ती जे एकच वाक्य बोलायची, ते गेलं होतं. हे साहेबांना सांगणार कसं आणि आधार म्हणून लिहिणार काय?

कॉफीचा पहिला घोट घेते न घेते तोच फोन वाजायला लागला.

"बाई, तारीख बदलली का?" एका आजोबांचा आवाज. "मी शेजाऱ्यांचं पातेलं घासूनपुसून दारात उभा आहे. देऊ का नको?"

"द्या की आजोबा. पातेलं त्यांचंच आहे ना?"

"ते आहेच हो. पण आज तुम्ही म्हणाला नाहीत. उगाच नेऊन दिलं तर ते म्हणतील, आजच का आठवण झाली!"

तो ठेवला तर दुसरा. ही बाई रागावलेली होती.

"आमचा शेजारी करवत घेऊन फाटकापर्यंत आला होता. तुमचा कार्यक्रम संपला आणि गेला की हो परत आत! आता आणखी वर्षभर थांबायचं का मी?"

तारीखबाईनं रिसीव्हर हातानं झाकला. साहेब कसलीशी फाइल घेऊन दारातच उभे होते.

"तुम्हालाच विचारतायत," असं म्हणून तिनं तो त्यांच्या हातात दिला आणि शांतपणे कॉफी प्यायली.

साहेब "हो... नाही... तसं नाही, मॅडम... करवत किती मोठी आहे?" असं काय काय बोलत राहिले. मग पुढचा फोन, मग त्याच्या पुढचा. मध्येच त्यांनी वर पाहिलं तेव्हा कपाळावर घाम होता. पण चेहरा सकाळपेक्षा जरा माणसात आला होता.

"हे सगळे खरंच करतात हे?" त्यांनी विचारलं.

"आधार हवा होता ना तुम्हाला?" ती म्हणाली. "घ्या."

असं ती म्हणाली खरी, पण आत काही तिला जिंकल्यासारखं वाटत नव्हतं. आजोबा पातेलं देतील, करवतवाला चार शिव्या खाऊन करवत देईल, शहराचं काही अडणार नव्हतं. तीन गल्ल्या पलीकडे एका स्वयंपाकघरात आज नळाच्या दुरुस्तीचं ऐकू गेलं होतं, तेवढंच तिला सारखं आठवत होतं. ताई ऐकत असेल का? की मुळात कधी ऐकतच नव्हती? इतकी वर्षं आपण भिंतीशी बोललो की काय, हा विचार तिला त्या दिवशी पहिल्यांदा शिवला, आणि पुढच्या कार्यक्रमाचा कागद तिनं दोनदा उलटा धरला.

दुपारी खालून दरवानाचा फोन आला.

"बाई, खाली एक शिडी आलीय."

"कसली शिडी?"

"लाकडाची. लांब आहे. मागे एक बाई आहेत. मी म्हटलं पास लागेल, तर म्हणाल्या, शिडीला लागत नाही. त्या तुमच्यासारख्याच बोलतात हो."

तारीखबाई उठली. खुर्ची मागे गेली ती भिंतीवर आपटली. जिन्यापर्यंत ती पोचते तोवर शिडी वर आलीही होती आणि पॅसेजच्या वळणावर आडवी अडकली होती. एका टोकाला बटणराव "डावीकडे, ताई, डावीकडे" करत होता. दुसऱ्या टोकाला ताई. केस पार पांढरे झालेले, अंगानं सुटलेली, दम लागलेला. पण शिडी धरलेली घट्ट. खिडकीतून खाली भाऊजी दिसत होते. आपण यात पडू नये हे ओळखून ते फाटकाजवळचा सूचनाफलक मन लावून वाचत होते.

शिडी सुटली, भिंतीला टेकली. बटणराव शहाणा, नाहीसा झाला.

"बरी आहेस ना?" ताईनं विचारलं. इतक्या वर्षांनी बोललेलं पहिलं वाक्य हे.

"मला काय धाड भरलीय?"

"मग आज बोलली का नाहीस? मी रेडिओ बंद केला नाही, म्हटलं आता म्हणेल, मग म्हणेल. तू नळाचं सांगितलंस आणि संपवलंसच. मला वाटलं, घसा बसला की काय झालं. हे म्हणाले, आवाज तर ठणठणीत आहे. पण माझा जीव कशात लागेना."

"साहेबांनी काढून टाकलं ते."

"कोण साहेब? कुठं बसतो?"

"ताई."

"नाही, बघते ना मी."

"ताई, त्यांचं बरोबर आहे. तो दिवस खोटाच आहे. मी मनानं काढलेला."

"मला काय सांगतेस?" ताईनं शिडीचाच आधार घेतला आणि श्वास घेतला. "लहानपणी रोज एक काढायचीस. आज दूध न पिण्याचा दिवस. आज वेणी न घालण्याचा दिवस. आज ताईनं भांडी घासायचा दिवस. तो तर आठवड्यातून तीनदा यायचा. रेडिओवर ऐकल्याऐकल्या ओळखलं मी."

तारीखबाईला हसू आलं. तिनं शिडीकडे बघितलं. खालच्या पायरीला वडिलांनी ठोकलेली पत्र्याची पट्टी तशीच होती. वरच्या पायरीवर निळ्या रंगाचा डाग होता. लहानपणी खिडकी रंगवताना दोघींनी एकाच डब्यासाठी ओढाताण केली होती तेव्हाचा. तिसरी पायरी मात्र कोरी, पांढऱ्या लाकडाची.

"मोडली होती," ताई म्हणाली. "रंगवतानाच मोडली. बसवून घेतली मागाहून. मोडकी कशी परत करायची?"

"मागाहून म्हणजे कधी?"

"झाली की बरीच वर्षं."

"मग इतकी वर्षं का नाही आणलीस?" शेवटी ते तिच्या तोंडून निघालंच. "मी दरवर्षी घसा फोडून सांगत होते. बहिणीचं असेल तर द्या, बहिणीचं असेल तर द्या. शहरात एवढ्या बहिणी आहेत, पण मी कुणाला म्हणत होते? एकदाही तुला वाटलं नाही, नेऊन द्यावी?"

ताई गोंधळली.

"मला म्हणत होतीस?"

"मग कुणाला?"

"अगं, मला वाटायचं, तू स्वतःलाच आठवण करून देतेयस." ताईनं हात किंचित उचलला आणि बोटानं दाखवलं. "मला वाटायचं, आज येईल. त्या दिवशी मी चहाला एक कप जास्त आधण ठेवायची. हे म्हणायचे, ठेवू नकोस, ती यायची नाही. मी म्हणायची, रेडिओवर स्वतःच्या तोंडानं सांगतेय ती, येईल कशी नाही? तू आलीस की शिडी तुझ्याबरोबर धाडायची, असंच मनात होतं माझ्या. आज तू म्हणालीच नाहीस, तेव्हा म्हटलं, आता हिनं आशा सोडली. आपणच जावं."

तारीखबाईनं बोटाच्या रोखानं पाहिलं. ताई तिच्या डाव्या मनगटाकडे दाखवत होती.

"किल्ली रोज देतेस ना?" ताईनं विचारलं. "नाही दिली तर मागे पडतं ते."

पॅसेजमध्ये कुणी नव्हतं. वरचं मोठं घड्याळ सव्वाचार दाखवत होतं. 'परीक्षा झाली की दे हं,' ताई त्या सकाळी म्हणाली होती. स्वतःच्या पहिल्या पगारात घेतलेलं होतं ताईनं ते, नवंकोरं. परीक्षा झाली, नोकरी लागली, आईनं साऱ्या गल्लीला सांगितलं, त्या आनंदात कुणाला घड्याळ आठवणार? ताईनं मागितलं नाही. आणि हिनं अख्ख्या शहराला पातेली-छत्र्या परत करायला लावताना, वाक्य वेळेत बसतं की नाही हे दरवर्षी त्याच घड्याळावर पाहिलं.

  तारीखबाईनं पट्टा सोडला. खाली कातडीवर फिकट पांढरी पट्टी उमटलेली होती. तिथं ऊन कधी पडलंच नव्हतं. घड्याळ तिनं ताईच्या तळहातावर ठेवलं, आणि वर आपला हात ठेवला. उचलला मात्र नाही.

"ताई, मी तेव्हा दारात जे बोलले ना..."

"स्वर्गाचं?" ताई म्हणाली. "चढून बघितलं मी. माळ्यापर्यंतच पोचते."

आणि मग दोघी अशा हसल्या, की खाली भाऊजींनी सूचनाफलक वाचायचा थांबवून वर पाहिलं. हसता हसता तारीखबाई रडायला लागली. ताईनं तिला जवळ घेतलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि वर दटावलंही, "पुरे. कामाच्या ठिकाणी आहेस."

साहेब खोलीतून बाहेर आले ते घसा खाकरतच. त्यांनी शिडी पाहिली, शिडीवरून नजर वर भिंतीवर गेली, आणि परत खाली आली.

"बाई," ते जरा अवघडून म्हणाले, "ही शिडी थोडा वेळ मिळेल का? त्या घड्याळाचा सेल... मी आल्यापासून ते सव्वाचार बघतोय. कुणाची आहे ही?"

तारीखबाईनं डोळे पुसले.

"आमच्या दोघींची आहे," ती म्हणाली. "ताईला विचारा."

ताईनं तिच्याकडे एकवार बघितलं. मग साहेबांकडे वळली.

"न्या. तिसरी पायरी भक्कम आहे, बाकीच्यांवर बेतानं पाय द्या. आणि परत आणून द्यायची."

"देतो ना. आजच देतो."

"तसं सगळेच म्हणतात," ताई म्हणाली.

बटणरावानं खाली धरली आणि साहेब चढले.  त्यांनी सेल बसवला, आणि वरूनच विचारलं, "बाई, किती वाजले?" तारीखबाईनं सवयीनं मनगट वर केलं. तिथं पांढरी पट्टी होती.

"तीनला दहा कमी," ताईनं हातातल्या घड्याळात बघून सांगितलं. साहेबांनी काटे फिरवले. उतरल्यावर हात झटकत ते म्हणाले, "उद्या सकाळी ती ओळ घ्या. म्हणावं, काल एक गोष्ट सांगायची राहून गेली." मग चष्मा सारखा करत पुढं म्हणाले, "आधाराच्या जागी मी सही करीन."

फाटकापर्यंत दोघी बरोबर आल्या. भाऊजी दहा पावलं पुढं निघाले, पाट्या वाचत. शिडी साहेबांकडेच राहिली होती.

"मग उद्या वेळ कशात बघणार?" ताईनं विचारलं. "त्या वरच्या घड्याळात?"

"ते स्टुडिओतून दिसत नाही."

"मग?"

तारीखबाईनं डावा हात पुढे केला.

"ताई, घड्याळ देतेस? उसनं."

"परत कधी देशील?"

पुलाची, पेट्यांची, शाळेच्या घंटेची तारीख जिच्या जिभेवर होती, तिनं ही एक बोटांवर मोजून सांगितली.

"उद्या. काम झालं की घरी आणून देते."

"आणि परवा सकाळी गं?"

"परवा सकाळी पुन्हा मागायला येईन."

 ताईनं घड्याळाला दोन फेरे किल्ली दिली, कानाशी धरलं, आणि मग धाकटीच्या हातावर बांधायला घेतलं.

"इतकं आवळून बांधतेस होय? वळ उठलाय बघ," ती म्हणाली, आणि पट्टा एक भोक सैल सोडला.